बानूआपाची शून्यं

सलग एकोणीस स्लाइडींवर एकही अंडं सापडलं नाही, तेव्हा आमच्या लॅबमध्ये सगळे खूश होते. एकटी हुस्नबानू तांबोळी घाबरली होती. तिने मला जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली नेलं, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "सुनीती, मला दिसेनासं झालंय बहुतेक. कुणाला बोलू नकोस."

हुस्नबानू म्हणजे लॅबची बानूआपा आणि माझी नुसती बानू. गंज पेठेत जन्मली, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेली आणि एकतीस वर्षं लोकांच्या शौचाच्या नमुन्यांत जंतांची अंडी मोजत आली. सासरी बरीच वर्षं ती रक्त तपासते असंच माहीत होतं, कारण खरं सांगितलं असतं तर तिच्या हातची रोटी कुणी खाल्ली नसती. मी त्याच लॅबमधली दफ्तर सांभाळणारी. तिने मोजायचं, मी टाइप करायचं. तिच्या आकड्यांत खाडाखोड नसायची आणि माझ्या टायपिंगमध्ये चूक नसायची, एवढ्यावर आमची मैत्री जमली. बाकी दोघींत सारखं असं काही नव्हतं.

तिचं मोजणं बघण्यासारखं होतं. उजवा हात मायक्रोस्कोपच्या चाकावर, डाव्या हातात मोजणीचं बटण, ओठ घट्ट मिटलेले. मध्येच कुणी काही विचारलं तर ती फक्त एक बोट वर करायची. मग थेट डॉक्टर असले तरी थांबायचे. एकदा बाहेरून आलेल्या एका मोठ्या साहेबांनी तिच्या शेजारी बसून तीच स्लाइड पाहिली आणि चौदा अंडी सांगितली. बानू शांतपणे म्हणाली, सर, तेरा आहेत, एक हवेचा बुडबुडा आहे. साहेबांनी पुन्हा पाहिलं. तेरा होती. तेव्हापासून बानूआपाचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नियमाप्रमाणे दर दहावी स्लाइड दुसऱ्या कुणीतरी तपासून सही करायची असते. सह्या नेमाने व्हायच्या. तपासायचं कोण, हा प्रश्न विचारणं आमच्याकडे उद्धटपणा समजला जायचा.

त्या वर्षीचं काम वेगळं होतं. मलेरियावरची एक जुनी गोळी अंकुशकृमीवर चालते का, हे पाहायचं होतं. अंकुशकृमी म्हणजे बोटाच्या पेराहून लहान जंत. अनवाणी माणसाच्या तळव्यातून आत शिरतो, आतड्याला चावून बसतो आणि रक्त पितो. त्याच्यावर रोजच्या वापरातली गोळी आहे, पण हाताशी असलेल्या औषधांची संख्या मोजकीच. ती उद्या लागू पडेनाशी झाली तर काय, म्हणून दुसरी शोधायची. मलेरियाची गोळी लोकांनी वर्षानुवर्षं खाल्लेली, तिचे गुणदोष माहीत असलेले, म्हणून डॉ. अभिनव केतकरांनी ती निवडली. मांजरी गावाच्या पुढे उसाच्या फडाजवळ तोडणीच्या लोकांच्या कोप्या पडल्या होत्या. तिथल्या चव्वेचाळीस जणांनी तयारी दाखवली. अर्ध्यांना मलेरियाची गोळी, अर्ध्यांना नेहमीची. कुणाला कुठली, हे बंद पाकिटात. तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना घ्यायचा. अंडी दिसली तर त्या माणसाला नेहमीची गोळी द्यायची. नाही दिसली तर बानूच्या सहीची चिठ्ठी मिळायची, 'अंडी आढळली नाहीत', आणि गोळी नाही.

जानेवारीत लोकांना समजावून सांगायला डॉक्टर बानूला बरोबर घेऊन गेले, कारण डॉक्टरांचं मराठी ऐकून लोक सही करण्याऐवजी उठून जायचे. मीही गेले होते, नावं लिहायला. तिथे बायडाबाई भेटली. परतूरकडची, तिशीची, दिसायला पंचेचाळीसची. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत जाताना ती दोनदा खाली बसली. बानूने तिची पापणी खाली ओढून पाहिली. आतून पांढरी होती, नखासारखी. बायडाबाईने विचारलं, "आपा, पोटात हाय तरी काय नेमकं? मला दावाल का?" बानू म्हणाली, पुढच्या वेळी दाखवते. पहिल्या तपासणीत बायडाबाईच्या स्लाइडवर दोनशे बारा अंडी निघाली. चव्वेचाळिसांत सगळ्यात जास्त.

गोळ्या दिल्या, तीन आठवडे गेले, रमजान लागला आणि दुसरे नमुने यायला लागले. सगळी शून्यं.

जिन्याखाली उभी राहून बानू मला हेच सांगत होती. म्हणाली, एकतीस वर्षांत असं औषध पाहिलं नाही. नेहमीच्या गोळीनेसुद्धा दहातल्या दोघातिघांच्या पोटात थोडी अंडी राहतातच. इथे एकाच्याही नाहीत, आणि अर्ध्या लोकांना तर नवीन गोळी आहे. गोळी एवढी चांगली नसते, सुनीती. डोळे एवढे वाईट असू शकतात. तिची आई अठ्ठावन्नाव्या वर्षी अशीच आंधळी झाली होती. आधी मधलं दिसेनासं झालं. कडेचं दार दिसायचं, समोरच्या माणसाचा चेहरा नाही. बानूला अठ्ठावन्नावं लागलं होतं.

मी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि मागची तारीख वाच म्हटलं. तिने हात लांब करून घडघडा वाचली. म्हटलं, झालं तर मग. ती म्हणाली, "अक्षरं काळी असतात गं. हे अंडं साबणाच्या फुग्यासारखं पातळ असतं. गोलकृमीचं अंडं जाड सालीचं, ते मला अजून दिसतंय. पातळ तेवढं दिसत नाही. आईचं असंच सुरू झालं होतं."

 यावर मी काय केलं ते सांगते, कारण लपवायला आता काही उरलेलं नाही. मी तिला गप्प बसायला सांगितलं. निवृत्तीला आठ महिने होते. डोळे गेलेत म्हटलं की आजवरचा प्रत्येक आकडा लोक उकरून काढतील. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायलाही ती तयार नव्हती, कारण त्याने काही लिहून दिलं असतं तर ते खरं ठरलं असतं. मी म्हटलं, गोळी लागू पडली असेल, तुला कशाला वाईट वाटतंय. सही कर.

आणि चिठ्ठ्या मीच टाइप करत होते. मोजताना बानूला फक्त नंबर दिसायचा, सहीच्या वेळी चिठ्ठीवर नाव असायचं. बायडाबाईची चिठ्ठी समोर आली. आधी दोनशे बारा, आता शून्य. बानूचं पेन थांबलं. माझ्याकडे पाहून म्हणाली, ही दोनदा खाली बसली होती. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. थोड्या वेळाने सहीचा आवाज आला. आजही तो कागदावरचा आवाज आठवला की मला स्वतःची शिसारी येते.

त्यानंतरचे दहा दिवस बानूने कसे काढले ते मी जवळून पाहिलं. ती एकेक स्लाइड तीन-तीनदा पाहायची. घरी सुईत दोरा ओवून पाहायची, मला फोन करून सांगायची, ओवला. रस्त्यात समोरून येणाऱ्या बसचा नंबर लांबून वाचायची आणि बस जवळ आली की खात्री करायची. एक डोळा झाकून माझ्या चेहऱ्याकडे बघायची, मग दुसरा. रोजा सोडताना पहिल्या खजुराच्या वेळी माणूस काही मागतो. ती डोळे मागत होती, आणि लगेच स्वतःला रागावत होती, कारण डोळे ठीक असले तर शून्यं खरी, आणि शून्यं खरी आहेत असं तिच्या मनाला पटत नव्हतं.

इकडे डॉ. केतकरांच्या केबिनमध्ये पेढे आले. पुढच्या शुक्रवारी त्यांना मोठ्या लोकांसमोर निकाल मांडायचे होते. पाकीट अजून बंद होतं, पण सगळेच बरे झालेत म्हटल्यावर पाकिटात काय आहे याची कुणाला पडली होती.

मग एका मंगळवारी पूर्णिमा आली नाही. पूर्णिमा ही आमची नवीन मुलगी, वर्षभरापूर्वी लागलेली. मांजरीहून नमुने आणायचे आणि त्यांच्या स्लाइडी करायच्या, हे तिचं काम. तिला ताप होता. नमुन्यांच्या डब्या गाडीने एकट्याच आल्या. शेवटचा गट होता, तेरा जणांचा. स्लाइडी करायला कुणी नाही म्हटल्यावर बानू स्वतः उठली.

इथे आमच्या लॅबची एक रीत सांगायला हवी. रमजानमध्ये बानूला नमुन्याला हात लावू द्यायचा नाही. ही रीत दुर्गाबाईंनी पाडली. त्या मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांचं म्हणणं, उपाशीपोटी, घोटभर पाणीही न पिता माणसाने त्या वासात का बसावं. बानू नको नको म्हणायची, पण दुर्गाबाईंपुढे कुणाचं चालायचं नाही. त्या शेजारच्या खोलीत स्लाइड करायच्या आणि मधल्या खिडकीतून एकेक करून बानूच्या हातात द्यायच्या. निरोप समारंभात त्यांनी पूर्णिमाला सगळ्यांसमोर बजावलं होतं, की रमजानमध्ये आपाला हात लावू द्यायचा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही.

तर बानूने तोंडाला फडका बांधला, मापासाठीच्या प्लास्टिकच्या पट्टीच्या भोकातून नमुन्याचा ठिपका काचेवर घेतला, वर ग्लिसरीनमध्ये भिजवलेला सेलोफेनचा तुकडा दाबला आणि मायक्रोस्कोपवर बसली. मी दारात उभी होते. पाच मिनिटांनी डाव्या हातातलं बटण वाजलं. मग पुन्हा. मग वाजतच राहिलं.

"एकसष्ट," ती म्हणाली. तिने डोळे पुसले, पुन्हा पाहिलं आणि रडायला लागली. मला दिसतंय, सुनीती, सगळं दिसतंय, असं चारपाच वेळा म्हणाली. मीही रडले. माझ्या डोक्यावरून मोठं ओझं उतरलं.

ते सुख जेमतेम मिनिटभर टिकलं. मग बानूचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तिने मला पूर्णिमाला फोन लावायला सांगितला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवायला लावला. विचारलं, बेटा, तू स्लाइडी कुठे करायचीस?

पूर्णिमा तापातही उत्साहाने सांगायला लागली. "रमजान लागल्यापासून मांजरीलाच, आपा. आठ वाजताच करून टाकायचे. इथे येऊन केल्या असत्या तर तुमच्यापर्यंत वास आला असता ना. तुमचा रोजा असतो."

स्लाइडी आठला व्हायच्या आणि बानूसमोर अकराला यायच्या. ग्लिसरीनने मळ पारदर्शक होतो आणि अंडी दिसतात. पण अंकुशकृमीचं अंडं इतकं पातळ की अर्ध्यापाऊण तासात तेही विरून जातं. मागे काही राहत नाही. जाड सालीचं अंडं मात्र दुसऱ्या दिवशीही दिसतं, आणि पूर्णिमा जिथे शिकली तिथे नेमकी तीच मोजायचे. रजिस्टरमध्ये 'स्लाइड केली' आणि 'स्लाइड पाहिली' असे दोन रकाने आहेत. दुर्गाबाईंच्या हातचे दोन्ही आकडे पाचदहा मिनिटांच्या फरकाने असायचे, कारण त्या करून लगेच द्यायच्या. पूर्णिमाने जुनी पानं पाहिली आणि तसेच भरले. पहिल्या रकान्यात तिने बानूसमोर ट्रे ठेवल्याची वेळ लिहिली. ते मी टाइप केलं, एकही चूक न करता.

बानू तिच्यावर रागावली नाही. झोप आता, म्हणाली आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अर्ध्या तासाचं मी तिला सांगितलंच नव्हतं. दुर्गाबाईंना माहीत होतं, मला माहीत होतं. सांगायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही." तिचा आवाज अगदी सपाट होता. त्या दहा दिवसांत ती डोळ्यांसाठी घाबरली होती. आता ती ज्यासाठी घाबरली ते डोळ्यांहून मोठं होतं. एकतीस चिठ्ठ्या वाटून झाल्या होत्या. एकतीस माणसं तिच्या सहीवर विसंबून पोटात जंत घेऊन बसली होती, आणि त्यांना कुणी गोळी देणार नव्हतं.

डॉ. केतकर लॅपटॉपवर शुक्रवारची तयारी करत होते. सगळं ऐकून त्यांनी पेढ्यांचं रिकामं खोकं बाजूला सारलं. वाईट माणूस नाही, पण शुक्रवार जवळ आला होता. म्हणाले, शांतपणे विचार करू, पुढच्या आठवड्यात परत नमुने घेऊ. बानू कधी डॉक्टरांसमोर खुर्चीवर बसत नसे. त्या दिवशी बसली.

"सर, पट्टा पडलाय," ती म्हणाली. "कारखाना बंद झाला. पुढच्या आठवड्यात तिथे कोप्याही नसतील आणि माणसंही."

डॉक्टरांनी विचारलं, अहवालात चूक कुणाची लिहायची. बानूने स्वतःचं नाव सांगितलं. मी माझंही लिहायला सांगितलं, कारण मी तिला गप्प बसवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी खडसावावं असं वाटत होतं. डॉक्टरांनी लॅपटॉप मिटला आणि गाडी मागवली.

आम्ही मांजरीला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कोप्या मोडायचं काम चाललं होतं. बानूने शाळेच्या ओसरीवर मायक्रोस्कोप मांडला, तिथेच स्लाइडी केल्या, तिथेच पाहिल्या. सगळे नमुने यायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. चिठ्ठी मिळालेल्यांपैकी सव्वीस जण सापडले. एकोणीस जणांत अंडी होती. कुणाला कुठली गोळी होती ते पाकीट फोडल्यावर कळेल, पण अंडी असलेल्या प्रत्येकाला नेहमीची गोळी समोर बसवून दिली. रोजा असलेल्या बाईने दोन दिवस उन्हात बसून काय केलं ते मी पाहिलं आहे. दुर्गाबाईंनी पाहिलं असतं तर मला मारलं असतं.

उरलेल्या पाच जणांचा ट्रॅक्टर आम्ही पोचायच्या दिवशी पहाटेच निघून गेला होता. बायडाबाई त्यात होती.

मुकादमाने तिच्या नवऱ्याचा नंबर दिला. बाकी चौघांकडे फोन नव्हता आणि ते कुठल्या गावी उतरणार ते त्यालाही धड माहीत नव्हतं. बायडाबाईच्या नवऱ्याचा फोन बंद होता. बानू रोज जेवणाच्या सुट्टीत फोन लावायची. ईद झाली. तिने माझ्यासाठी शीरखुर्म्याचा डबा आणला आणि मी खात असताना समोर बसून फोन लावत राहिली. फोन उचलला जात नाही याचे किती अर्थ होऊ शकतात, ते आम्ही दोघी एकमेकींना सांगत नव्हतो. पांढरी पापणी, दोनदा खाली बसलेली बाई, आणि वर उन्हाळा.

दहाव्या दिवशी बायडाबाईने स्वतःच फोन उचलला. आवाज बारीक होता. बानूने विचारलं, तब्येत कशी आहे. ती म्हणाली, चक्कर येती, बाकी बरी हाय. गावात आशाताई जंताची गोळी वाटायला आली होती. "मी न्हाई घेतली. तुमची चिठ्ठी दावली तिला. कायबी न्हाई म्हनून तुमीच लिव्हलंय की."

बानूने भिंतीला टेकून डोळे मिटले. मग म्हणाली, "बायडाबाई, त्या चिठ्ठीवरची माझी सही खोटी ठरली. तुझ्या पोटात जंत आहेत. आजच गोळी घे."

 बायडाबाई म्हणाली, "तवा खोटं लिव्हलं, मंग आता खरं बोलताय कशावरनं?"

एकतीस वर्षांत बानूला असं कुणी विचारलं नव्हतं. तिला राग आला नाही. ती म्हणाली, "मी येते. तुला दाखवते."

शनिवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी निघालो. लॅबचा छोटा मायक्रोस्कोप बानूने गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता आणि परतूरपर्यंत तो खाली ठेवला नाही. रविवारी सकाळी बायडाबाईच्या अंगणात तिने पाट मांडला. बायडाबाई दाराला धरून उभी होती, जानेवारीपेक्षाही पांढरी.  बानूने स्लाइड केली, मनगटातलं घड्याळ काढून पाटावर ठेवलं, काच उजेडाकडे वळवली आणि बाजूला सरकली.

बायडाबाई वाकली. तिला आधी काही दिसेना. बानूने तिची मान धरून हळूच नीट केली. मग तिला दिसलं. डोळा न काढता तिने विचारलं, "हे समदं माझं हाय?"

"तुझंच," बानू म्हणाली.

बायडाबाईने मान वर केली नाही, नुसता हात मागे केला, तळवा उघडा ठेवून. बानूने त्यावर गोळी ठेवली. गोळी गिळून ती घरात गेली, ट्रंकेतून चिठ्ठी काढून आणली आणि बानूच्या हातात दिली. तिने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपली होती. मग बानूने तिला आरोग्य केंद्रात रक्त तपासायला नेलं, आणि संध्याकाळपर्यंत तिला तिथे दाखल करून घेतलं.

परतीच्या एसटीत बानूने ती चिठ्ठी चष्म्याच्या घरात ठेवली. आता ती रोज जेवणाच्या सुट्टीत मुकादमाला फोन लावते. अजून चार चिठ्ठ्या बाहेर आहेत.